न प्यालेल्या माणसाची झोकांडी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी नव्या श्रमसंहितांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती साहजिकच होती. ज्या माणसाने तीस वर्षे कारखान्यांच्या दाराशी उभे राहून भाषणे केली, त्याने दुसऱ्या कशावर बोलावे? मी विषय कळविला त्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, "आजाराविषयी बोलायला आम्ही डॉक्टरांना बोलावतो हो!" मी म्हटले, डॉक्टरांना अवश्य बोलवा आणि पहिल्या रांगेत बसवा, माझे कोठे चुकले तर त्यांनी मला तेथल्या तेथे थांबवावे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. वैद्यकातले शब्द मी वाचून शिकलो, ऐकून नव्हे. तेव्हा उच्चारांत गफलत होईल. ती आपण पोटात घालावी.

आता या विषयाकडे मी कसा आलो ते आधी सांगतो, कारण तो कबुलीजबाबच आहे.

२००४ सालची गोष्ट. आमच्या युनियनचा एक सभासद एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होता. वय बेचाळीस. हाताचा मोठा कसबी. यंत्र चालू असताना नुसत्या आवाजावरून कोणते बेअरिंग गेले ते सांगायचा. त्या वर्षी त्याच्या हातून वस्तू निसटू लागल्या. आधी मायक्रोमीटर पडला, मग पायावर पडता पडता जॉब चुकला. चालताना पाऊल वेडेवाकडे पडे. खांदा मधूनच उडे. रिकाम्या बसलेल्या माणसाची बोटे पेटी वाजवल्यासारखी हलत. बोलणे जड झाले आणि स्वभाव, जो मुळात शांत होता, तो असा तापट झाला की जेवणाच्या सुटीत त्याच्याशेजारी कोणी डबा उघडीना. एका रात्रपाळीला सुपरवायझरने त्याला झोकांड्या खाताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी कामावर दारू पिऊन आल्याचे आरोपपत्र त्याच्या हातात पडले.

त्याची बायको मला भेटायला आली. म्हणाली, "भाऊ, ते माळकरी आहेत. थेंबाला शिवत नाहीत." मित्रहो, माझ्या टेबलासमोर अशा पुष्कळ बायका येऊन गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींनी हेच सांगितले आहे. मी मान डोलावली आणि मनात म्हटले, बाई, आपला नवरा प्याला म्हणून कोणती बायको सांगते? त्या फिटरच्या तोंडाला वास नव्हता, हे मी स्वतः पाहिले होते. तरी मी अर्थ काढला तो असा की, याने वास मारायला काहीतरी चघळले असावे. रक्त कोणी तपासले नाही. व्यवस्थापनाने नाही आणि, याची मला आज लाज वाटते, मीही तशी मागणी केली नाही. मी काय केले? तर घासाघीस केली. बडतर्फी नको, स्वेच्छेने राजीनामा घ्या. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि वर तीन महिन्यांचा पगार द्या. व्यवस्थापनाने मान्य केले. माझ्या हिशेबी मी ती केस जिंकलो होतो. राजीनाम्यावर सही करताना त्याच्या हातातून पेन दोनदा खाली पडले. दोन्ही वेळा ते मी उचलून दिले.

बारा वर्षांनी, २०१६ साली, त्याचा मुलगा युनियनच्या कचेरीत आला. वडील गेल्याचे त्याने सांगितले आणि एक फाइल माझ्यापुढे ठेवली. त्यात रक्ताच्या तपासणीचा कागद होता, आणि कागदावर नाव होते हंटिंग्टनचा आजार. डॉक्टरांनी मुलाला आजोबांविषयी विचारले होते. आजोबा गावाकडे तसेच डुलत डुलत गेले. गावाने ते करणीवर घातले होते. मुलाने मला एकच गोष्ट विचारली, "काका, बाबा पीत नव्हते, हे आता तुम्हाला पटले का?" या मुलाच्या परवानगीने मी हे सांगत आहे. नाव तेवढे सांगू नका, असे तो म्हणाला.

तर हा आजार काय आहे? १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे आजोबा आणि वडील दोघेही डॉक्टरकी करीत, त्यामुळे एकेका घराण्याची तीन-तीन पिढ्यांची माहिती त्याला घरबसल्या मिळाली. लहानपणी वडिलांबरोबर गाडीतून जाताना त्याने रस्त्यात दोन उंच, कृश बायका पाहिल्या होत्या, आई आणि मुलगी. दोघी वाकत होत्या, पिळवटत होत्या, तोंडे वेडीवाकडी करीत होत्या. ते दृश्य पुढे जन्मभर त्याच्या डोळ्यांपुढे राहिले. तीन गोष्टी त्याने नेमक्या टिपल्या. आजार वंशातून येतो, त्यात वेडाकडे व आत्मघाताकडे कल असतो, आणि तो प्रौढपणीच खरे उग्र रूप धरतो.

ही तिसरी गोष्ट फार दुष्ट आहे. आजार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान उघड होतो. तोवर लग्न झालेले असते, मुले झालेली असतात. आई किंवा बाप यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा. मुलगा-मुलगी असा भेद नाही. ज्याला तो वारसा मिळाला नाही त्याच्या मुलांना भय नाही. ज्याला मिळाला त्याची सुटका नाही. मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशी मरत जातात. हालचालीवरचा ताबा जातो, मग विचार, मग बोलणे, मग गिळणे. हे पंधरा-वीस वर्षे चालते आणि मृत्यूनेच संपते.

कारण कळले आहे, आणि ते कारखान्यातल्या माणसाला चटकन समजण्यासारखे आहे. जॉबकार्डावर एक ओळ काही वेळा छापलेली असावी, आणि छपाईच्या चुकीने ती चाळीस-पंचेचाळीस वेळा छापली जावी. यंत्रावरचा माणूस बिचारा कार्डाप्रमाणे काम करीत राहतो आणि माल बिघडतो. आपल्या चौथ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा असा पुन्हा पुन्हा येतो. ही संख्या पस्तीसपर्यंत असली तर माणसाला हा आजार होत नाही. चाळीस किंवा अधिक असली तर पूर्ण आयुष्य लाभल्यास आजार ठरलेला. मधल्या तीन-चार आकड्यांना काहींना होतो, काहींना नाही. हालचाली थोड्या आवरणारी औषधे आहेत. आजाराला थांबवील असे औषध आजमितीस उपलब्ध नाही.

मुलाने आणलेला कागद वाचला तेव्हा मी दचकलो, कारण ते नाव मला ठाऊक होते. वुडी गथ्री या आजाराने मेला हे मी वाचलेले होते. हा गथ्री कोण, हे इथल्या तरुणांना कदाचित माहीत नसेल. आपल्याकडे अमरशेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी गिरणगावात जे केले, तशा तऱ्हेचे काम अमेरिकेत करणारा हा शाहीर. १९१२ साली ओक्लाहोमातल्या ओकीमा गावी जन्मला. १९३० नंतरच्या दशकात त्या मुलखात धुळीची वादळे झाली, शेती बुडाली, आणि आपल्याकडे मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात तशी हजारो कुटुंबे फळे तोडण्याच्या मजुरीसाठी कॅलिफोर्नियाकडे निघाली. हा त्यांच्याबरोबर गेला आणि त्यांची गाणी त्याने बांधली. १९४१ साली तो आणि पीट सीगर गाड्या करून युनियनांच्या सभांतून गात हिंडले. महायुद्धात तो व्यापारी जहाजांवर काम करीत होता व खलाशांच्या युनियनचा सभासद होता. आमच्या कचेरीत त्याचा एक फोटो टांगला आहे. गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारते' अशा अर्थाचे शब्द लिहिलेले आहेत. त्या फोटोखाली बसूनच मी त्या फिटरचा राजीनामा लिहून घेतला होता.

गथ्रीच्या आईला हाच आजार होता, पण गावाला ते काय ठाऊक! घरातली एक मुलगी भाजून मेली, पुढे नवराही भाजला, तेव्हा गावाने बोट दाखविले ते आईकडे. १९२७ साली तिला वेड्यांच्या इस्पितळात घातले आणि १९३० साली ती मेली. मुलगा चाळिशीकडे आला तेव्हा त्याचीही चाल बिघडली, जीभ अडखळू लागली, राग अनावर होऊ लागला. तो पीतही होता, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यामुळे निदान करणारांचे काम सोपे झाले आणि निदान चुकले. कोणी दारूचे व्यसन म्हटले, कोणी मनाचा विकार म्हटला. १९५२ साली ब्रुकलिनच्या सरकारी इस्पितळात आजाराचे खरे नाव निघाले. १९५६ साली न्यू जर्सीत पोलिसांनी त्याला भटक्या म्हणून पकडले आणि तेथून त्याची रवानगी ग्रेस्टोन पार्कच्या मनोरुग्णालयात झाली. तेथे तो पाच वर्षे होता. १९६१ साली एकोणीस वर्षांचा बॉब डिलन त्याला भेटायला म्हणून न्यूयॉर्कला आला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. अखेरच्या काळात बोलणे संपले. 'होय' आणि 'नाही' अशी कार्डे पुढे धरावी आणि त्याने एक दाखवावे, एवढेच उरले. ज्याने हजारावर गाणी लिहिली त्या माणसाजवळ दोन शब्द राहिले. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी तो वारला. पहिल्या लग्नाच्या त्याच्या दोन मुली पुढे याच आजाराने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गेल्या.

गाणी जगाला माहीत आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते त्याच्या बायकोविषयी. मार्जोरी ही मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यसंचात नाचणारी आणि पुढे ब्रुकलिनमध्ये नृत्याची शाळा चालविणारी बाई. १९५३ साली त्यांचा काडीमोड झाला होता. तरीही त्याच्या मरणापर्यंत त्याचे सारे तिने पाहिले. पदरात त्याची तीन मुले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर निम्मा संभव टांगलेला. डॉक्टरांना विचारावे तर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही. त्या काळी पुष्कळ डॉक्टरांनी असा रुग्ण जन्मात पाहिलेला नसे.

१९६७ साली तिने हंटिंग्टनच्या आजाराशी मुकाबला करणारी समिती काढली. आता पाहा, मी संघटना बांधणारा माणूस, तेव्हा तिने काय केले ते मी धंदेवाईक डोळ्यांनी वाचले. तिच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने गथ्रीच्या नावाने पैसे गोळा केले असते आणि एखाद्या इस्पितळाला देणगी देऊन फोटो काढून घेतला असता. तिने आधी माणसे शोधली. ज्या घरांत खोलीचे दार लावून घेतलेले होते, जिथे मावशीविषयी विचारू नये असा मुलांना दम दिलेला होता, अशी घरे. एकेका गावाला दोन-चार कुटुंबे सापडली की तेथे शाखा. मग डॉक्टरांच्या सभांना जाऊन प्रश्न विचारावयाचे, आमदार-खासदारांना पत्रे घालावयाची. पैसा नंतर आला. युनियनचेही असेच असते. सभासद नसताना ज्याने फंड उभारला त्याचा फंडच राहतो, युनियन होत नाही.

गाणाऱ्या मित्रांनी हात दिला, १९७० साली हॉलिवूड बाऊलमध्ये गथ्रीच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली आणि ती या कामाच्या मदतीसाठी होती. परंतु मैफलीच्या पैशाने मेंदूचे संशोधन होत नाही, हे मार्जोरीला कळत होते. तिने सरकार गाठले. अमेरिकन काँग्रेसने या आजारासाठी आयोग नेमला, मार्जोरी त्याची अध्यक्ष झाली. आयोगाने गावोगाव उघड सुनावण्या घेतल्या. ज्यांनी शेजाऱ्यांनाही सांगितले नव्हते अशा माणसांनी माइकसमोर उभे राहून सांगितले की, माझ्या नवऱ्याला असे होते, आम्हाला विमा मिळत नाही, त्याला कामावरून काढले. १९७७ साली अहवाल झाला आणि त्यातून सरकारी पैशाची वाट मोकळी झाली.

दुसरे एक कुटुंब तितकेच महत्त्वाचे. १९६८ सालच्या एका सकाळी लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर नावाची बाई ज्युरीच्या कामासाठी कोर्टाकडे चालली होती. रस्ता ओलांडताना पोलीस तिच्यावर ओरडला, सकाळी सकाळी पिऊन फिरायला लाज वाटत नाही का? ती प्यालेली नव्हती. तिचे वडील आणि तिन्ही भाऊ हंटिंग्टनच्या आजाराने गेले होते. तिला स्वतःचे काय ते त्या दिवशी कळले. ती पूर्वी जीवशास्त्र शिकलेली. तिचा पूर्वीचा नवरा मिल्टन हा मानसोपचारतज्ज्ञ. त्याने दोन्ही मुलींना जवळ बसवून खरे ते सांगितले आणि त्याच वर्षी संशोधनासाठी संस्था काढली. त्याची रीत मोठी गमतीची होती. तो तरुण शास्त्रज्ञांना थोडा थोडा पैसा देई आणि एका खोलीत बसवून बोलायला लावी. भिंतीवर चित्रे दाखवून तयार भाषण ठोकण्यास तेथे मनाई असे. चर्चा सुरू होण्यापूर्वी एखादा रुग्ण येऊन समोर बसे. ज्याच्यासाठी वाटाघाटी चालल्या आहेत तो कामगार खोलीत हजर असला म्हणजे बोलण्याला कशी वेगळी धार येते, हे मी पाहिलेले आहे.

त्याची धाकटी मुलगी नॅन्सी. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्त्या आहेत. १९५० नंतरच्या दशकात अमेरिको नेग्रेत नावाचा तिथलाच एक डॉक्टर तेथे नेमणुकीवर गेला आणि रस्त्यातून झोकांड्या खात जाणारी माणसे पाहून त्यालाही प्रथम काय वाटले असेल? होय, तेच. ही माणसे प्यालेली आहेत. परंतु तो विचारीत राहिला आणि त्याच्या ध्यानात आले की, जगात कोठे नाहीत इतके या आजाराचे रुग्ण या चार-दोन वस्त्यांत आहेत. मी त्या बाईला एकदा जरी नीट विचारले असते तर, असे मला हे वाचताना वाटले. असो.

१९७९ साली नॅन्सी तेथे प्रथम गेली आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ दर साली जात राहिली. लोकांनी रक्त का द्यावे? परदेशातून आलेल्या गोऱ्या बाईला? तेव्हा तिच्याबरोबरच्या परिचारिकेने नॅन्सीचा हात वर धरून दंडावरचा व्रण सगळ्यांना दाखविला. तिने स्वतःच्या कातडीचा तुकडा याच संशोधनासाठी दिलेला होता. हिच्या आईला हाच आजार आहे, ही आपल्यातलीच, असे लोकांना कळले आणि त्यांनी बाह्या वर केल्या. चार हजारांहून अधिक लोकांचे रक्त मिळाले. अठरा हजार माणसांची वंशावळ कागदावर आली. त्या रक्ताच्या जोरावर बोस्टनच्या जेम्स गुसेला याने १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर आजाराची खूण शोधून काढली. हा शोध नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. मार्जोरी त्याच वर्षी मार्चमध्ये कर्करोगाने वारली होती.

खूण सापडली तरी प्रत्यक्ष जनुक सापडायला आणखी दहा वर्षे लागली. १९९३ साली तो निबंध निघाला, तेव्हा सहा प्रयोगशाळांतल्या अठ्ठावन्न शास्त्रज्ञांनी त्यावर लेखक म्हणून आपापली नावे पुढे न करता संशोधकांच्या गटाचे एकच नाव घातले. एकमेकांच्या पुढे धावण्यात ज्यांचे आयुष्य जाते, अशा माणसांनी हे केले. आमच्या कामगार संघटनांच्या महासंघांना अजून हे जमलेले नाही, हे मी खेदाने नमूद करतो.

येथवर कथा चांगली आहे. आता माझी तक्रार.

ज्या वस्त्यांच्या रक्तावर हे सारे उभे राहिले, त्या वस्त्या गरीबच राहिल्या. १९९९ साली तेथे रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह उघडले, पण पैशाअभावी पुढे तेही बंद पडले. २०१७ साली दक्षिण अमेरिकेतल्या अशा कुटुंबांना पोप फ्रान्सिस रोममध्ये भेटले आणि हा आजार यापुढे लपवू नका, असे त्यांनी सांगितले. ते ठीकच झाले. परंतु मी युनियनवाला. माझा प्रश्न असा की, करारात या कोळ्यांचा वाटा कोणता होता? माल तयार झाला तर तो त्यांच्या घरी कोणत्या भावाने पोचणार?

हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. जिच्यावर फार भिस्त होती अशी एक मोठी औषधचाचणी २०२१ साली थांबवावी लागली. कुटुंबांना तो मोठाच धक्का होता. मग सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका उपचाराची बातमी आली. डोक्याला छिद्र पाडून, बारा-बारा, अठरा-अठरा तासांच्या शस्त्रक्रियेने मेंदूत औषध सोडावयाचे, एकदाच. एकोणतीस रुग्णांना ते दिले गेले. जास्त मात्रा घेतलेल्यांत तीन वर्षांनी आजाराची घसरण सुमारे ७५ टक्क्यांनी मंदावली, असे कंपनीने जाहीर केले. तीन वर्षे पुरी झालेले हे लोक फक्त बारा होते, आणि तुलना बाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी केलेली होती. एवढा पुरावा पुरेसा आहे का, यावर अमेरिकेतल्या औषध नियामकांनी पुढे शंका घेतली. म्हणून मी नाचत नाही. पण आपण सोळा कोटींच्या इंजेक्शनाच्या बातम्या वाचल्या आहेत. तो आजार वेगळा, लहान मुलांचा; पण किमतीची जात तीच असणार. वर्गणी गोळा करणारांनी हे आजच विचारले पाहिजे. सार्वजनिक पैशातून शोध लागला असेल, तर भावाच्या वाटाघाटीत सार्वजनिक खुर्ची हवी.

एका गेट-मीटिंगमध्ये मी हे सांगितले तेव्हा मागून एकजण ओरडला, "साहेब, आमच्या चाळीत टीबीने माणसं मरतात, आणि तुम्ही लाखात एखाद्याला होणाऱ्या आजाराचं काय घेऊन बसलात?" प्रश्न अगदी रास्त आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार लाखात दहाच्या आसपास लोकांना असतो, आशियात त्याहून पुष्कळ कमी. काही लोक यावर असे उत्तर देतात की, या आजाराचा उलगडा झाला तर अल्झायमर, पार्किन्सन यांचाही होईल. होईलही. पण ते उत्तर मला थोडे लबाड वाटते. आपल्या माणसाला वाचवा म्हणण्यासाठी दुसऱ्याच्या माणसाचे नाव का घ्यावे? मी त्याला सांगितले ते असे. टीबीचे औषध सापडलेले आहे, ते माणसापर्यंत पोचवायचे ही लढाई आहे, आणि ती आपण लढूच. इथे औषधच सापडलेले नाही. ज्या आजाराचे गिऱ्हाईक थोडे, त्याचे औषध बाजार आपण होऊन शोधीत नाही. तेथे वर्गणी किंवा सरकार, तिसरे कोणी नाही. त्याचे पुरते समाधान झाले नाही. दहा रुपये मात्र त्याने दिले आणि पावती मागून घेतली.

आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात संशोधनाचाही उल्लेख आहे. उल्लेखाला अंदाजपत्रकात आकडा मिळावा लागतो, आणि आकडा मागणारे मोजता यावे लागतात. आपल्याकडे हे रुग्ण मोजलेलेच नाहीत, कारण ते बेवडे, वेडे आणि करणी झालेले म्हणून निरनिराळ्या खात्यांत पडलेले आहेत.

तपासणीविषयी थोडे. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत ही तपासणी होते. परंतु सगळ्यांनी रांगेत उभे राहून ती करून घ्यावी, असे मी मुळीच म्हणत नाही. पाश्चात्त्य देशांतही ज्यांच्या आईबापांना हा आजार आहे अशांपैकी बहुतेक लोक लक्षणे नसताना ती करून घेत नाहीत. ज्यावर उपाय नाही ते आधी कळून घ्यावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ज्या नॅन्सी वेक्सलरच्या श्रमांमुळे ही तपासणी शक्य झाली, तिने स्वतः ती करून घेतली नव्हती. २०२० साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्यालाही आजार असल्याचे तिने जाहीर केले. शिवाय कागद मालकाच्या हाती पडला तर? अमेरिकेत २००८ साली कायदा झाला की जनुकांच्या माहितीवरून नोकरी व आरोग्यविमा नाकारता येणार नाही. तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडेही हवा आणि ती मागणी कामगार संघटनांनी करावयाची आहे. डॉक्टर ती करणार नाहीत. त्या फिटरच्या मुलाने मला विचारले होते, "काका, मी तपासून घेऊ का?" तीस वर्षे मी लोकांना सल्ले देत आलो. त्या दिवशी मला देता आला नाही. त्याने अजून तपासून घेतलेले नाही. तो नोकरी करतो, आईला सांभाळतो.

२०१७ साली मी त्याच्या आईकडे गेलो. क्षमा मागावी म्हणून गेलो होतो, पण ती म्हणाली, "ते राहू द्या, भाऊ. लिहून द्या." युनियनच्या कागदावर मी लिहून दिले की, २००४ साली यांच्यावर ठेवलेला दारूचा आरोप खोटा होता, ते आजारी होते, आणि युनियनने ते तपासून पाहिले नाही. तिने कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "शिक्का राहिला." मी कचेरीत जाऊन शिक्का मारून आणला. कंपनीलाही पत्र घातले होते. प्रकरण बंद झाले आहे, एवढे एका ओळीचे उत्तर आले.

२०१८ पासून आमच्या प्रत्येक करारात एक कलम आहे. कामावर झोकांडी खाणाऱ्या माणसाला आरोपपत्र देण्यापूर्वी त्याची डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. व्यवस्थापने कुरकुरली, पण खर्च थोडा म्हणून कबूल झाली. आजवर तिघांची अशी तपासणी झाली. एकाची साखर एकदम उतरलेली होती. दुसऱ्याला कानातल्या बिघाडाची चक्कर होती. तिसरा खरोखरच प्यालेला होता, त्याचे जे व्हायचे ते झाले. दर १ मे रोजी आम्ही माणशी दहा रुपये गोळा करतो. ती रक्कम रुग्णांना तपासणीसाठी नेण्या-आणण्याला आणि शुश्रूषा करणाराच्या बुडलेल्या रोजाला पुरते. संशोधनाला पुरत नाही; त्यासाठी मार्जोरीने केले तेच करावे लागेल, आणि त्याला आधी कुटुंबे हवीत.

चालकांनी दाराशी पेटी ठेवण्याची परवानगी देऊ केली होती. मी आज पेटी ठेवलेली नाही. सभा संपल्यावर मी येथेच, या खुर्चीवर, तासभर बसणार आहे. आपल्या घरात, चाळीत, नात्यात कोणी न पिता झोकांड्या खाणारे असेल, ज्याच्या बापाविषयी किंवा आईविषयी गावाकडे काही बोलले जात असे, तर मला येऊन सांगा. वही आणली आहे. नाव लिहिले नाही तरी चालेल, गाव आणि वय लिहा.